व्यसनी कामगार: परीक्षा कोणाची आणि उपचार कोणाचा?

सोलापूरचें नांव निघालें कीं गृहस्थाला चादर आठवते, गृहिणीला शेंगांची चटणी आठवते, आणि इतिहासाची गोडी असलेल्याला १९३० सालचा मार्शल लॉ आठवतो. गेल्या कांहीं वर्षांत ह्या नांवाशीं आणखी एक गोष्ट जोडली गेली आहे, व ती ऐकून कोणाही सोलापूरकराला खेद व्हावा अशी आहे. पुण्याहून सोलापुरास जातांना मोहोळ मागें टाकल्यावर चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. लोकांच्या तोंडीं तिचें नांव ‘चिंचोळी एमआयडीसी’. १९१६ सालीं नव्हे, अगदीं अलीकडे, २०१६ च्या एप्रिलांत, ठाण्याच्या पोलिसांनीं तेथील ॲव्हॉन लाइफसायन्सेस ह्या औषधी कंपनीच्या आवारांत धाड घालून सुमारें अठरा टन एफेड्रिन जप्त केलें. त्याची किंमत दोन हजार कोटी रुपये असल्याचें सांगण्यांत आलें. एका जुन्या चित्रपटतारकेचें नांव त्या प्रकरणांत महिनोन् महिने गाजलें; तिच्यावरील गुन्हा मुंबई उच्च न्यायालयानें २०२४ सालीं रद्द केला, परंतु ती बातमी मात्र फारशी कोणी वाचली नाहीं. पुढें २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेनें ह्याच वसाहतींतील दुसऱ्या एका कारखान्यावर धाड घातली. ह्या वेळीं सांपडलें तें मेफेड्रोन, ज्याला मुंबई-पुण्याचीं मुलें ‘एमडी’ म्हणतात. चारच महिन्यांनीं त्याच हमरस्त्यावरील दौंडजवळच्या कुरकुंभ वसाहतींत पुणें पोलिसांना तोच पदार्थ शेकडों किलोंनीं मिळाला.

चिंचोळींत प्रामाणिकपणें काम करणारे कारखाने पुष्कळ आहेत आणि तेथें घाम गाळणारे हजारों कामगार आहेत, हें प्रथमच सांगून ठेवावयास हवें. मूठभरांच्या कृत्यामुळें सबंध वसाहतीकडे बोट दाखविणें हा अन्याय होय. आमचा रोख निराळा आहे. अशा प्रत्येक वेळीं वर्तमानपत्रें तीन प्रश्नांचीं उत्तरें देतात: माल किती, किंमत किती, आणि पकडले किती. चौथा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. हा माल शेवटीं कोणाच्या तरी शरीरांत जावयाचा होता. त्या माणसाचें पुढें काय होतें? तो कोठें काम करतो, तेथें हें उघडकीस आलें तर त्याला काय मिळतें, आणि कायद्याच्या हातीं लागला तर काय मिळतें? सुशिक्षित कुटुंबांस हा प्रश्न परका वाटण्याचें कारण नाहीं. रसायनाच्या कारखान्यांत पाळीवर उभा राहणारा केमिस्ट, देखरेख करणारा इंजिनिअर, हिशेब लिहिणारा कारकून हीं आपल्याच घरांतलीं मुलें आहेत, आणि ज्या गोष्टीचा संसर्ग कारखान्यास होतो तिचा घरास होत नाहीं असें नाहीं.

एफेड्रिन म्हणजे मूळचें विष नव्हे. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यानें १८८५ सालीं तें एका झुडपापासून वेगळें काढलें. दम्याच्या रोग्याची श्वासनलिका मोकळी करण्यास तें पुष्कळ वर्षें वापरीत, आणि कण्यांत भूल दिल्यावर रोग्याचा रक्तदाब खालीं गेला तर शस्त्रक्रियागृहांत तें आजही वापरतात. त्या झुडपाला कांहीं विद्वान वेदांतील सोमवल्ली मानतात. पारशी बंधु आपल्या यज्ञविधींत अद्याप त्याच्याच काड्या वापरतात. सोम खरोखर हाच होता किंवा नव्हता, ह्या वादांत आम्ही पडत नाहीं. सांगावयाचें इतकेंच, कीं ह्याच एफेड्रिनवर रसायनाची एक क्रिया केली म्हणजे मेथॅम्फेटामिन हें भयंकर मादक द्रव्य तयार होतें. म्हणूनच १९८५ च्या मादक द्रव्यांच्या कायद्याखालीं एफेड्रिन हें ‘नियंत्रित द्रव्य’ ठरलेलें आहे. मेफेड्रोनचा वंश त्याहून निराळा. तें १९२९ सालीं प्रथम तयार झालें, सत्तर-पंचाहत्तर वर्षें ग्रंथांतच पडून राहिलें, आणि ह्या शतकाच्या आरंभीं कोणीतरी तें पुन्हा उकरून काढलें. आपल्याकडे तें निषिद्ध द्रव्यांच्या यादींत आलें तें २०१५ च्या फेब्रुवारींत. तोंवर तें बाळगणें हा त्या कायद्याखालीं गुन्हाच नव्हता! ह्या पदार्थानें झोंप उडते, भूक मरते, अंगांत खोटी तरतरी येते. आणि ती उतरली म्हणजे मन इतकें खोल जातें कीं पुन्हा घेतल्यावांचून चैन पडत नाहीं. बारा तासांच्या पाळीवर उभ्या असलेल्या माणसाला पहिल्या भागाचा मोह कां पडावा हें समजण्यास फारशी कल्पनाशक्ति लागत नाहीं.

काम आणि कैफ ह्यांचें नातें महाराष्ट्रांत नवें नाहीं. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाया आपल्या तान्ह्या मुलांस ‘बाळगोळी’ देत. ती अफूची असे. १९२२ सालीं डॉ. बार्न्स ह्या स्त्री-डॉक्टरांनीं गिरणी-कामगार स्त्रियांची पाहणी करून लिहिलें कीं ह्या बायांच्या शंभर मुलांपैकीं अठ्ठ्याण्णव मुलांना अफू मिळते. शंभरांत अठ्ठ्याण्णव! मुंबईंतल्या शहाण्या लोकांनीं त्या वेळीं काय म्हटलें असेल त्याची कल्पना सहज येते: अडाणी बाया, वाईट चाली, आईपणाची जाणीव नाहीं. वस्तुस्थिति अशी कीं ती आई पहांटे गिरणींत जाई आणि दिवस मावळल्यावर परत येई. मूल सांभाळावयास कोणी नसे. रडून रडून निळें पडण्यापेक्षां झोंपलेलें बरें, एवढाच तिचा हिशेब होता. त्या आयांची कोणी परीक्षा घेतली असती, त्यांना दंड केला असता, कामावरून काढलें असतें, तर एकाही मुलाची अफू सुटली नसती. उलट आईची भाकरी मात्र गेली असती. अफू सुटावयाची तर बाईला बाळंतपणाची रजा हवी होती आणि गिरणीच्या आवारांत पाळणाघर हवें होतें. मुंबई इलाख्यांत बाळंतपणाच्या साह्याचा कायदा १९२९ सालीं झाला, आणि ठराविक संख्येहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत पाळणाघर सक्तीचें झालें तें १९४८ च्या कायद्यानें. बाळगोळी आज इतिहासजमा झाली आहे, तींत ह्या दोन गोष्टींचा वाटा पोलिसांच्या धाडींहून कमी नसावा असें आमचें मत आहे.

आतां परीक्षेकडे वळूं. नोकरांच्या लघवींत मादक द्रव्य आहे किंवा नाहीं हें तपासण्याची चाल मुख्यतः अमेरिकेची. १९८६ च्या सप्टेंबरांत अध्यक्ष रेगन यांनीं सरकारी नोकरांसाठीं तसा हुकूम काढला. चार महिन्यांतच, १९८७ च्या जानेवारींत, मेरिलंड संस्थानांतील चेस गांवाजवळ आगगाडीचा मोठा अपघात झाला व सोळा माणसें मेलीं. ज्या इंजिनांचा दोष होता त्यांच्या चालकानें गांजा ओढला होता असें निष्पन्न झालें. त्यानंतर तेथें आगगाडी, विमान, मालमोटारी चालविणाऱ्यांची परीक्षा १९९१ च्या कायद्यानें सक्तीची झाली. हिंदुस्थानांत सर्व कारखान्यांस लागू असा कायदा नाहीं. मात्र विमानखात्यानें ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिक व विमान-नियंत्रक यांच्यापैकीं दरवर्षीं किमान शेंकडा दहा जणांची अचानक परीक्षा घ्यावी असा नियम केला. त्या नियमांतील एक गोष्ट आम्हांस विशेष आवडली: पहिल्या वेळीं दोष आढळला तर त्या इसमास व्यसनमुक्तीच्या उपचारास पाठवावयाचें, दुसऱ्या वेळीं तीन वर्षें परवाना स्थगित, तिसऱ्या वेळीं रद्द. ज्याच्या हातीं दोनशें जीव आहेत त्याला जर पहिली संधि मिळते, तर ज्याच्या हातीं सुतळीचें रीळ आहे त्याला कां मिळूं नये?

खासगी कारखान्यांत मात्र मालकाची मर्जी चालते. कोठें नोकरीवर घेतांनाच नमुना मागतात, कोठें अपघात झाल्यावर, कोठें मुकादमाला संशय आला म्हणजे. जेथें रसायनें उकळत असतात, दाबाखालीं वायु असतो, तेथें एकाच्या कैफानें दहा जणांचें मरण ओढवूं शकतें. म्हणून अशा जागीं परीक्षा घेणें सर्वस्वी अयोग्य आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पण ती परीक्षा काय सांगते व काय सांगत नाहीं हें मालकानें आणि कामगारानें दोघांनींही समजून घेतलें पाहिजे.

प्रथम एक कागदी पट्टी वापरतात. ती स्वस्त असते, पांच मिनिटांत उत्तर देते, आणि पुष्कळदां चुकतें उत्तर देते. पट्टी द्रव्य ओळखीत नाहीं, द्रव्याचा आकार ओळखते. आणि सारख्या आकाराचीं द्रव्यें पुष्कळ असतात. सर्दीच्या कांहीं गोळ्यांत एफेड्रिनचाच एक भाऊ असतो; त्या गोळ्या घेतलेल्या माणसाच्या लघवींत पट्टीला ॲम्फेटामिन दिसण्याचा संभव असतो. सिडनीच्या २००० सालच्या ऑलिंपिकांत रुमानियाच्या आंद्रेया राडुकान ह्या सोळा वर्षांच्या मुलीचें सुवर्णपदक काढून घेण्यांत आलें, तें सर्दीच्या अशाच एका गोळीपायीं. आणि आपल्या घरांतलें उदाहरण हवें असेल तर दिवाळींतले अनारसे घ्या. खसखस हें अफूच्याच झाडाचें बीं. तिच्यांत नशा होण्याइतकें कांहीं नसतें, परंतु भरपूर खसखस खाल्लेल्या माणसाच्या लघवींत मॉर्फिनचा अंश उतरतो. अमेरिकेंत खसखशीचे पाव खाऊन इतके निरपराध लोक सांपडूं लागले कीं १९९८ सालीं तेथील सरकारनें मर्यादा एका मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून एकदम २,००० वर नेली. आपल्याकडे मिळणाऱ्या पट्ट्यांवर कोणती मर्यादा छापलेली आहे हें खरेदी करणाऱ्या किती अधिकाऱ्यांनीं वाचलें असेल, देव जाणे. म्हणून शास्त्राचा नियम असा कीं पट्टीवर दोष दिसला तर तोच नमुना गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री ह्या लांबलचक नांवाच्या यंत्रावर पुन्हा तपासावा, आणि डॉक्टरनें त्या माणसास ‘तूं कोणतीं औषधें घेतोस’ हें विचारावें. ही दुसरी पायरी गाळून नुसत्या पट्टीवर माणसास घरीं बसविणें म्हणजे अडाणीपणा होय, मग तो करणाऱ्याच्या नांवापुढें कितीही पदव्या असोत.

दुसरी गोष्ट ह्याहून महत्त्वाची. लघवीची परीक्षा आजची धुंदी दाखवीत नाहीं. मागच्या दिवसांचा माग दाखविते. कोकेन व हेरॉइन यांचा माग दोन-चार दिवस राहतो. गांजा नेहमीं ओढणाऱ्याच्या अंगांत तो आठवडेच्या आठवडे राहतो, कारण तो चरबींत मुरतो. म्हणजे पंधरा दिवसांपूर्वीं गांजा ओढून आज शुद्धीवर असलेला माणूस सांपडेल, आणि काल रात्रभर दारू पिऊन आज डुलक्या देत यंत्रावर उभा असलेला माणूस ह्या पट्टींतून निसटेल. आतां खरी गंमत ऐका, तिला गंमत म्हणावयाचें असेल तर. बाजारांतल्या नेहमींच्या पांच-सहा द्रव्यांच्या पट्टीला मेफेड्रोन बहुधा दिसतच नाहीं! चिंचोळींत जें पकडलें गेलें तेंच द्रव्य कोणी घेऊन चिंचोळीच्याच दारांत परीक्षा दिली, तर तो उत्तीर्ण होऊन आंत जाण्याचा संभव मोठा आहे. आणि खोकल्याचें कोडीनयुक्त औषध घेतलेला त्याचा सोबती दारांतच अडेल.

तेव्हां परीक्षेला तिच्या जागीं ठेवावें. आंतरराष्ट्रीय मजूर-संघटनेनें १९९६ सालीं ह्या विषयावर एक आचारसंहिता प्रसिद्ध केली. तिचें म्हणणें असें कीं दारूचा किंवा मादक द्रव्याचा प्रश्न हा आरोग्याचा प्रश्न समजावा. इतर कोणत्याही दुखण्याप्रमाणें त्याच्याशीं वागावें. जो आपण होऊन उपचार मागतो त्याची नोकरी धोक्यांत येऊं नये, आणि त्याचें दुखणें चव्हाट्यावर येऊं नये. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानेंही दारू व मादक द्रव्यें यांच्या अतिसेवनाशीं संबंधित विकार मानसिक आजारांत गणले आहेत. क्षय झालेल्या कामगाराला आपण रजा देतों. ह्याला काय द्यावयाचें, हा प्रश्न परीक्षा घेण्यापूर्वीं ठरलेला असला पाहिजे. ज्या मालकानें तो ठरविलेला नाहीं त्यानें बाटल्या गोळा करण्याच्या भानगडींत पडूं नये, कारण त्या बाटल्यांचा उपयोग शेवटीं एकच होतो: नको असलेल्या माणसाला घालविण्यास निमित्त मिळणें.

कारखान्याच्या डॉक्टरनें डोळे उघडे ठेवले तर काय घडूं शकतें ह्याची एक सुंदर हकीकत आहे. रबर टिकाऊ करण्यासाठीं वापरल्या जाणाऱ्या एका रसायनाशीं अमेरिकेंतील कामगारांचा संबंध येई. १९३७ सालीं त्यांच्या डॉक्टर विल्यम्स यांच्या ध्यानांत आलें कीं ह्या कामगारांना दारूचा घोट सोसेनासा झाला आहे. घेतली कीं तोंड लाल होतें, छाती धडधडते, जीव घाबरा होतो. डॉक्टरनें तें लिहून ठेवलें. दहा वर्षांनीं डेन्मार्कांतील दोन संशोधकांच्या हातून त्याच जातीचें रसायन औषध म्हणून पुढें आलें, आणि डायसल्फिराम ह्या नांवानें तें आजही दारू सोडणाऱ्यांस वैद्यकीय देखरेखीखालीं देतात. (घरच्या मंडळींनीं तें चोरून आमटींत कालवूं नये, त्यानें माणूस दगावूं शकतो.) अफू-हेरॉइनच्या व्यसनावरही ब्यूप्रेनॉर्फिनसारखीं चांगलीं औषधें आहेत. मेफेड्रोनवर मात्र तसें नेमकें औषध अद्याप निघालेलें नाहीं. तेथें सारी भिस्त संभाषणावर, संगतीवर व कालावर आहे.

हें कामगाराचें झालें. जो पोलिसांच्या हातीं लागला त्याचें काय? ‘मादक द्रव्याचा कायदा’ म्हटला कीं दहा ते वीस वर्षांची शिक्षा आठवते. ती व्यापाऱ्यांसाठीं आहे. केवळ सेवनाबद्दल कलम २७ खालीं शिक्षा द्रव्यानुसार एक वर्ष किंवा सहा महिने इतकीच आहे. आणि ह्याच कठोर कायद्याच्या पोटांत दोन कोमल कलमें आहेत, जीं फारच थोड्या कुटुंबांस ठाऊक असतात. कलम ३९ म्हणतें कीं अपराधी व्यसनी असेल व अपराध सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा असेल (हेरॉइन पांच ग्रॅमपर्यंत, चरस शंभर ग्रॅमपर्यंत, गांजा एक किलोपर्यंत), तर त्याचें वय, वर्तन व प्रकृति पाहून न्यायालयानें त्याला लगेच शिक्षा न सुनावतां त्याच्या संमतीनें सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेंत उपचारास सोडावें; एक वर्षाच्या आंत उपचाराचा अहवाल घ्यावा; तो समाधानकारक असेल तर समज देऊन, तीन वर्षांपर्यंतच्या मुदतीचा जामीनकतबा घेऊन मोकळें करावें. कलम ६४-अ त्याच्याही पुढें जातें. असा आरोपी आपण होऊन उपचार घेईल व पुरा करील तर त्याच्यावरील खटलाच चालूं नये. उपचार अर्धवट सोडला तर मात्र हें अभय काढून घेतां येतें.

मुंबईंत ह्या कलमाचा गाजलेला दाखला म्हणजे अभिनेता फरदीन खान याचा. २००१ सालीं कोकेनच्या प्रकरणांत त्याला अटक झाली. पुढें त्यानें के. ई. एम. रुग्णालयांत व्यसनमुक्तीचा उपचार घेतला, आणि २०१२ सालीं विशेष न्यायालयानें कलम ६४-अ खालीं त्याला अभय दिलें. कोणी म्हणतील, श्रीमंताला सर्व कलमें सांपडतात. आम्ही म्हणतों, कलम खरें आहे आणि तें सर्वांसाठीं आहे. परंतु अटकेला व अभयाला मध्यें अकरा वर्षें लागलीं, आणि तीं त्यालाच परवडलीं. चिंचोळीच्या कंत्राटी कामगाराला अटकेच्या दुसऱ्या दिवशीं कोणी वकील हें कलम वाचून दाखवील तरच त्याचा उपयोग.

उपचारांनीं अपराध्यांत खरोखर फरक पडतो काय, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. अमेरिकेंत मायामी शहरीं १९८९ सालीं निराळें न्यायालय सुरू झालें: तेथें न्यायाधीश आरोपीस तुरुंगांत न धाडतां उपचारास धाडतो आणि ठराविक दिवसांनीं स्वतः समोर बोलावून ‘कसें चाललें आहे’ हें विचारतो. तशीं न्यायालयें पुढें शेकडों निघालीं. त्यांच्याविषयींच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१२ सालीं मांडला गेला. पुन्हा अपराध करणाऱ्यांचें प्रमाण शंभरांत पन्नासावरून सुमारें अडतिसावर येतें असा त्याचा निष्कर्ष निघाला. चमत्कार नव्हे, परंतु शंभरांत बारा घरें वांचलीं. उलट बाजूही पाहा. वॉशिंग्टन संस्थानांतील तुरुंगांतून सुटलेल्यांचा अभ्यास २००७ सालीं प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचें प्रमाण इतर लोकांच्या जवळजवळ तेरा पट होतें, आणि सर्वांत मोठें कारण मादक द्रव्याची अतिमात्रा. तुरुंगांत शरीराची संवय मोडते; मनाची मोडत नाहीं; बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मापानें घेतो आणि जातो. नुसत्या कोंडण्यानें व्यसन सुटतें असें मानणाऱ्यांनीं हा आकडा ध्यानांत ठेवावा.

सोलापुरास ह्या बाबतींत एक जुना अनुभव आहे. तेथील एका वस्तीला अद्याप ‘सेटलमेंट’ म्हणतात. इंग्रजी राज्यांत ज्या जातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारण्यांत आला होता त्यांना तेथें तारेच्या कुंपणांत ठेवीत, हजेरी घेत, आणि सुधारणेचा मार्ग म्हणून गिरणीच्या कामास लावीत. काम मिळालें, पगार मिळाला; पण शिक्का गेला नाहीं. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला तेव्हां कुठें. व्यसनी माणसाच्या बाबतींतही शिक्काच अधिक चिवट असतो.

महाराष्ट्रांत उपचाराची जी परंपरा उभी राहिली तिचा आरंभ पुण्यांत झाला. गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत ‘गर्द’ ह्या नांवाखालीं हेरॉइनची भुकटी मुंबई-पुण्याच्या मुलांत पसरली. अनिल अवचट यांनीं त्याविषयीं लिहिलें. तें वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनीं साह्याचा हात पुढें केला; आणि १९८६ सालीं येरवड्यास, मनोरुग्णालयाच्या आवारांत, ‘मुक्तांगण’ सुरू झालें. त्याचा खरा कणा होत्या डॉ. अनिता अवचट. रुग्णाला ‘पेशंट’ न म्हणतां मित्र म्हणावें, मारहाण नाहीं, कोंडणें नाहीं, सकाळीं उठून झाडलोट व व्यायाम, आणि जो बरा झाला त्यानेंच नव्याला धीर द्यावा, ही पद्धति त्यांनीं घालून दिली. त्या १९९७ सालीं गेल्या, अनिल अवचट २०२२ सालीं गेले. संस्था चालू आहे. तेथील निवासी उपचार पस्तीस दिवसांचा असतो. पत्नींसाठीं ‘सहचरी’ नांवाचा निराळा गट आहे. कारण वर्षानुवर्षें व्यसनी नवऱ्याबरोबर राहून जी बाई खंगते तिला पस्तीस दिवसांत कोणी विचारीत नसे. अशा संस्था थोड्या आहेत, हें दुःख. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें २०१९ सालीं देशाची पाहणी प्रसिद्ध केली. तींत दारूच्या आहारीं गेलेल्या अडतीस माणसांपैकीं एकालाच कांहीं उपचार मिळाल्याचें दिसलें, आणि निषिद्ध मादक द्रव्यांच्या आहारीं गेलेल्या वीस जणांपैकीं एकाला.

राहिलेल्या एकोणीस जणांना उपचार न मिळण्याचें कारण केवळ संस्थांची वाण एवढेंच नाहीं. मध्यमवर्गांत त्याचें नांव ‘अब्रू’ असें आहे. मुलगा रात्रपाळी करून आला कीं दोन दिवस झोंपतो, पगार पुरत नाहीं, आईच्या पाटल्या कपाटांतून जातात, आणि घरांत म्हणतात, ‘कामाचा ताण आहे.’ लग्न केलें म्हणजे सुधारेल, असेंही म्हणतात; आणि एका घराचें दुःख दोन घरांचें होतें. आम्हांस स्पष्ट सांगावेंसें वाटतें कीं ह्या गोष्टी झाकून राहत नाहींत. त्या झाकून ठेवण्याचा जो काळ जातो तो उपचारासाठीं उत्तम काळ असतो. सरकारचा १४४४६ हा दूरध्वनि विनामूल्य आहे व तेथें बोलणाऱ्याची चर्चा शेजारींपाजारीं होत नाहीं. संस्था निवडतांना ती सरकारमान्य आहे काय, तेथें डॉक्टर रोज येतो काय, आणि घरच्यांना भेटूं देतात काय, हें विचारावें. जेथें भेटूं देत नाहींत तेथें मुलाला ठेवूं नये. व्यसन सोडविण्याच्या नांवाखालीं साखळ्या व काठ्या चालविणाऱ्या जागाही आपल्या राज्यांत निघाल्या आहेत.

आणि तो परत येईल तेव्हांचें आधींच ठरवावें. कारखान्याच्या व्यवस्थापकानें त्याला पहिले कांहीं महिने रात्रपाळी देऊं नये, भट्टीपासून दूर ठेवावें, आणि त्याच्या दुखण्याची गोष्ट मुकादमापलीकडे जाऊं देऊं नये. परीक्षा घ्यावयाची असेल तर त्याला आगाऊ सांगून, उपचाराचा भाग म्हणून घ्यावी. घरच्यांनीं त्याचा पिच्छा पुरवूं नये, पण पहिल्या वर्षीं पैशाचा व्यवहार त्याच्याच संमतीनें पत्नीच्या किंवा आईच्या हातीं ठेवावा. पगार जमा होण्याचा दिवस त्याला महिन्यांतला सर्वांत अवघड जातो, कारण जुने सोबती तारीख विसरत नाहींत. त्या संध्याकाळीं पाळी सुटल्यावर वसाहतीच्या फाटकाशीं घरचें कोणी माणूस उभें असावें, आणि दोघांनीं मिळून बाजारहाट करून घरीं यावें.